वार पडेपर्यंत

नेरे गावात कुणाची म्हैस व्यायला आली की आधी रंभाबाईला निरोप जायचा, मग डॉक्टरला. आणि रंभाबाई पोचली की बहुतेक वेळा डॉक्टरला पुन्हा फोन करून ‘राहू द्या, नका येऊ’ म्हणून सांगावं लागायचं. आडवं आलेलं पारडू आतल्या आत सरळ करून बाहेर काढावं तर तिनंच. या कामाचा तिनं कधी मोबदला घेतला नाही. फार आग्रह झाला तर खण-नारळ घेतला. मात्र तिच्यापुढे कुणी आपली अक्कल पाजळलेली तिला खपत नसे. व्यालेल्या म्हशीपाशी मालकानंसुद्धा पाण्याची बादली आणून द्यायची आणि गप बाजूला उभं राहायचं.

तिचा सगळ्यात कडक नियम वारेचा. पारडू बाहेर आल्यावर मागाहून जी वार पडते, ती पडेपर्यंत पारडाला आईच्या सडाला तोंड लावू द्यायचं नाही. हा नियम तिला सासूनं दिला, सासूला तिच्या सासूनं. आधी पाजलं तर म्हैस वार धरून ठेवते, आणि तो घट्ट पिवळा चीक कोवळ्या पोटाला झेपत नाही, हगवण लागते, असं त्यामागचं गणित. वार पडायला कधी तास लागायचा, कधी आठ-दहा. तोवर पारडू बाजूला बांधायचं, चीक काढून घ्यायचा, खरवस करून आळीत वाटायचा. वार पडली की पारडाला दोन-चार घोट पाजायचे, जास्त नाही. रंभाबाईच्या हातचा खरवस सगळ्या गावानं खाल्लेला होता आणि तिचा नियम सगळ्या गावानं पाळलेला होता.

आता नेऱ्यात म्हशीच कुठं उरल्यात म्हणा. हिंजवडीकडून इमारती सरकत सरकत पार शिवेवर आल्या. ज्या खाचरात रंभाबाईनं गुडघाभर चिखलात भात लावला, तिथं आता पोहण्याचा तलाव आहे, आणि त्याला पाणी टँकरनं येतं. तिच्या मुलानं, निरंजननं, घरावर दोन मजले चढवून खोल्या काढल्या आणि कंपनीतली पोरं भाड्यानं ठेवली. सहा म्हशींच्या गोठ्यात एकटी गजरी राहिली. तिचीही गेल्या दोन वेतांतली दोन्ही पारडं दहा-बारा दिवसांची होऊन गेली होती.

ती तिसऱ्यांदा गाभण राहिली तेव्हा निरंजननं सांगून टाकलं, “आई, ह्या येताला पारडी झाली आन् जगली, तर गोठा ऱ्हाईल. न्हाईतर गजरीला इकू. वैरण कुटनं आणायची? आन् पोरांच्या गाड्या लावायला जागा न्हाई.”

त्याचंही काही चुकत नव्हतं. रंभाबाई ‘बरं’ म्हणाली. पण घरात सून होती, कपडे धुवायचं मशीन होतं, टीव्ही होता. गोठा सोडला तर त्या घरात अडुसष्ट वर्षांच्या बाईनं करावं असं काहीच उरलेलं नव्हतं. तिला ती पारडी हवी होती. देवापाशी तिनं एवढ्या वर्षांत स्वतःसाठी मागितलेलं ते एकच मागणं असावं.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात गौतमी स्कूटीवरून गोठ्याशी येऊन थांबली. ही पशुवैद्यक महाविद्यालयात पुढचं शिकणारी मुलगी. मुळशीतली पारडं पहिल्या महिन्यातच का दगावतात, हा तिच्या संशोधनाचा विषय. त्यासाठी तिनं चाळीस गोठे निवडले होते, त्यात हा एक. मागच्या सीटला बर्फाचा डबा बांधलेला, हातात छापील प्रश्नांचे कागद. रंभाबाईला पोरगी आवडली. म्हशीच्या शेणात पाय पडला तरी नाक मुरडलं नाही, एवढ्यावरच ती पास झाली.

“आजी, पारडू जन्मल्यावर किती वेळानं पाजता?” गौतमीनं कागदावरचा प्रश्न विचारला.

“वार पडल्याव.”

गौतमीचं पेन थांबलं. “आजी, चीक पहिल्या तासा-दोन तासांत पोटात जायला हवा. वारेची वाट बघायची नाही. उलट पाजल्यानं वार लवकर सुटते.”

रंभाबाई तोंडाला पदर लावून हसली. “पोरी, तू किती म्हशी व्याताना बघितल्यास?”

“वीस-एक.”

“म्या मोजायचं सोडून दिलंय. च्या घे, गार हुतुया.”

गौतमीनं चहा घेतला आणि वाद घातला नाही. पुढं कित्येकदा तिला वाटलं, त्या दिवशी आपण भांडायला हवं होतं.

पलीकडच्या आळीत भिकू नावाचा एक गडी होता. आळसात त्याचा हात धरणारा तालुक्यात सापडला नसता. याची म्हैस व्यायची तेव्हा हा पारावर पत्ते खेळत असायचा. पारडू आपलं आपण उठायचं, आपलं आपण प्यायचं, वार कधी पडली याचा पत्ता नसायचा. आणि त्याची पारडं झाडून जगायची. गाव म्हणायचं, भिकूची पारडं देव राखतो. रंभाबाई म्हणायची, “देवाला दुसरा धंदा न्हाई.” पण मनातून तिला ते खुपायचं. आपण रात्रंदिवस उशाशी बसावं आणि पारडं जावीत, आणि ह्या ऐद्याची जगावीत, हा कुठला न्याय!

कार्तिकात एका सकाळी नऊच्या सुमाराला गजरी व्याली. पारडीच झाली. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. रंभाबाईनं तिचं नाक-तोंड पुसलं, नाळेला औषध लावलं, पोत्यानं अंग चोळलं. तासाभरात पारडी लटपटत उभी राहिली आणि आईची कास शोधायला लागली. रंभाबाईनं तिला मागं ओढलं. दावं काचेल म्हणून जुन्या लुगड्याची मऊ पट्टी फाडली आणि त्या पट्टीनं पारडीला खांबाला बांधलं.

“जरा दम धर, बाय. वार पडूं दे.”

पारडी खांब चोखायची, भिंत चाटायची, रंभाबाईची बोटं तोंडात धरून ओढायची. गजरी तिकडून हंबरायची. रंभाबाई दिवसभर जेवली नाही. लेकराला उपाशी ठेवून आपण कसं जेवायचं, असा तिचा जीव. वार पडली संध्याकाळी पाचला. मग तिनं पारडीला मोजून चार घोट पाजले आणि खरवस सात घरं वाटला. गौतमीच्या नावाचा डबाही फ्रिजमध्ये ठेवला.

तिसऱ्या दिवशी गौतमीनं पारडीच्या मानेतून थोडं रक्त घेतलं. कधी पाजलं ते विचारलं, लिहून घेतलं. चौथ्या दिवशी ती परत आली ती दोन बारीक बाटल्या घेऊन. दोन्हींत पिवळसर पाणी. रक्त निवल्यावर वर येतं ते. एक बाटली गजरीच्या पारडीची, दुसरी भिकूच्या पारडाची. त्याचीही म्हैस त्याच आठवड्यात व्याली होती. बरोबर एक वीतभर नळी होती, टोकाला काच. काचेवर थेंब टाकायचा आणि उजेडाकडं धरून दुसऱ्या बाजूनं बघायचं.

“तुम्हीच बघा, आजी. आत आकडे आहेत आणि एक रेघ दिसेल. ती जितकी वर, तितकी पारडाच्या अंगात रोगाशी लढायची ताकद.”

भिकूच्या पारडाची रेघ सहाच्या वर होती. गजरीच्या पारडीची चारावर.

रंभाबाईनं डोळे पुसून पुन्हा बघितलं. “मशीन बिगडलंय तुजं.”

गौतमीनं काच धुतली, नवे थेंब टाकले. रेघा होत्या तिथंच आल्या.

“मग आता पाजते की! दिसभर पाजीन. त्यात काय हाय!”

“आता पाजलं तरी पोट भरेल, पण ती ताकद अंगात जायची नाही.” गौतमी हळू बोलत होती. “म्हशीच्या पोटात असताना पारडाला ती मिळतच नाही. सगळी चिकातून मिळते. आतडं ती पहिले काही तासच जशीच्या तशी आत घेतं. मग दार मिटतं.”

“किती तास?”

“जितका उशीर, तितकं कमी. दिवसभरात मिटतंच.”

रंभाबाई खाली बसली. तिला शिकवायची गरज नव्हती. तिच्या डोक्यात चाळीस वर्षांची वेतं एकापाठोपाठ एक उभी राहिली. सुंदरीची वार घटकाभरात पडायची. सुंदरीची सगळी पारडं जगली. बिजलीची वार नेहमी अडकायची, दिवस मावळायचा. बिजलीचं एक टिकलं नाही. सगळी म्हणायची, बिजलीच्या दुधातच दोष. तिनंही तेच म्हटलं होतं आणि बिजलीला बाजार दाखवला होता.

सहाव्या दिवशी पारडीला पांढरी हगवण लागली. डॉक्टरनं सलाईन लावलं. गौतमी रोज कॉलेजातून चाळीस मैल ये-जा करून औषध देत राहिली. रंभाबाईनं गोठ्यातच अंथरूण टाकलं होतं. नवव्या दिवशी भर दुपारी, मांडीवर मान टाकून पारडी गेली. रंभाबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. ती पारडीचे कान सारखे करत बसली.

निरंजननं महिनाभर विषय काढला नाही, तेवढा तो चांगला. मग एका सकाळी टेम्पो आला. गजरी चढेना, तेव्हा रंभाबाईनंच पुढं होऊन तिला चुचकारत वर नेलं.

त्यानंतर ती गावातल्या उरलेल्या गोठ्यांकडं पायी निघाली. एकेका दारात उभी राहून सांगायची, “वारेची वाट बघू नका. उठलं की पाजा, पोटभर. म्या चुकीचं सांगत हुते.” चारचौघांत जिनं कधी कुणाचं ऐकलं नाही, तिला हे बोलणं जड जायचं, तरी बोलायची.

भिकूला म्हणाली, “तुजं बराबर हुतं रं.”

भिकू ओशाळला. “काकी, म्या कुटं काय केलं?”

“त्येच तर.”

रजनीच्या दारी मात्र एवढ्यावर भागलं नाही. रजनी बाजूच्याच आळीतली, नवरा गेल्यावर दोन म्हशींवर पोरं वाढवलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आत्या, माजी पाच गेली. दर येळंला तुमीच हुता.”

“व्हय. मीच हुते.”

रजनीनं बसा म्हटलं नाही. रंभाबाईनंही वाट बघितली नाही. गावात दोन दिवस कुजबूज चालली. काही जणी म्हणाल्या, म्हातारीला शिकलेल्या पोरीनं भुलवलं. त्या अजून वारेचीच वाट बघतात.

चैत्रात गौतमीचा प्रबंध पुरा झाला. ती पेढे घेऊन आली. गोठ्याच्या जागी फरशी पडली होती, ओळीनं मोटारसायकली उभ्या होत्या. रंभाबाई पायरीवर बसली होती. तिनं प्रबंधाची जाडजूड वही हातात घेतली, उघडली नाही, नुसती मांडीवर ठेवली.

“आजी, तुमच्यामुळं पुष्कळ गोठ्यांत आता लगेच पाजतात,” गौतमी म्हणाली. “खरंच.”

रंभाबाईनं मान हलवली. मग म्हणाली, “पोरी, एक इचारू? माणसाचंबी असंच असतंय का गं?”

“म्हणजे?”

“निरंजनच्या आदी मला एक पोरगी झाली हुती. म्या अठराची. सासूनं तीन दिस पाजू दिलं न्हाई. पयला चीक वंगाळ असतोय म्हणायच्या. तिला बोळ्यानं गुळाचं पाणी पाजायच्या, आन् म्या न्हाणीत जाऊन दूद पिळून टाकायची. एकवीस दिसांची हून गेली. हगवणीनंच.”

हे निरंजनलाही ठाऊक नव्हतं. रंभाबाईच्या नवऱ्याला ठाऊक होतं, पण त्यानं मरेपर्यंत त्या पोरीचं नाव घेतलं नाही.

“नाही, आजी,” गौतमी घाईघाईनं म्हणाली. “माणसाचं जनावरासारखं नसतं. बाळाला आईच्या पोटात असतानाच थोडी ताकद मिळालेली असते.”

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. रंभाबाईचा चेहरा क्षणभर सैल झाला.

“थोडी म्हंजी किती?”

गौतमीच्या ओठावर ‘पुरेशी’ हा शब्द आला होता. तो तिला उच्चारता आला नाही. तिनं मान खाली घातली. मुक्या जनावराच्या डोळ्यांतलं कळणाऱ्या बाईला ते कळायला वेळ लागला नाही.

“हौसा नाव ठिवलं हुतं तिचं,” रंभाबाई म्हणाली. “म्या सासूला न्हाई म्हणायला पायजे हुतं.” आणि गजरी गेली तेव्हा, पारडी गेली तेव्हा जी रडली नव्हती, ती त्या पोरीसाठी पन्नास वर्षांनी मोठ्यानं रडायला लागली.