ड्रिलच्या आवाजातली खूण
वरच्या मजल्यावर लादी फोडायला ड्रिल लागलं की मला चारकोपच्या खोलीतली ती दुपार आठवते. बाबा गिरणीत मागावर होते. तिथल्या खडखडाटात शब्द ऐकू येत नसत, म्हणून सगळे हातांच्या खुणांनीच बोलत. म्हातारपणी त्यांना सकाळचं जेवण आठवेना, माझं नाव आठवेना. महिनाभर तर ते बोललेच नव्हते. त्या दुपारी शेजारी असंच ड्रिल सुरू झालं. मी कान झाकले, बाबा मात्र ताठ उठून बसले. माझ्याकडे बघत त्यांनी दोन बोटं हनुवटीला लावली, तळहात पालथा केला आणि भुवया उंचावल्या. काहीतरी विचारत होते. मला गिरणीची भाषा कुठली येणार? मी आपली 'हो' म्हणून मान हलवली. ते इतकं मोकळं हसले की मला रडूच आलं. तेवढ्यात ड्रिल थांबलं. त्यांचे हात मांडीवर पडले आणि परक्या बाईला गाव विचारावं तसं त्यांनी मला मालवणीत हळूच विचारलं, "तुमी खंयच्या?" आता मीही शेजारणीचं नाव विसरते, गॅस बंद केला का ते दोनदा बघते. ती खूण मात्र बोटांत तशीच आहे. आज रिकाम्या घरात करून पाहिली. मी कशाला हो म्हटलं होतं, हे सांगणारं आता कुणीच उरलेलं नाही.