कोन आजारी हाय?

तासगावच्या आसपास द्राक्षबागांमध्ये ‘औषध’ हा शब्द जितका ऐकू येतो तितका दवाखान्यातही येत नसेल. सकाळी रस्त्यात दोघे भेटले की रामराम व्हायच्या आधी विचारतात, “औशीद मारलं का?” मालनआक्कांना कुणी हे विचारलं की त्या हातातली कात्री थांबवत आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणत, “का? कोन आजारी हाय?” विचारणारा ओशाळून वाटेला लागे. पहिल्या भेटीत मीही तोच प्रश्न विचारला आणि तेच उत्तर ऐकलं. मला वाटलं, बाईंना जरा कमी ऐकू येतं.

मी तिथल्या एका लहानशा वायनरीत वाईन करते. सांगलीत आमच्या सासूबाई अजून “सून ज्यूसच्या कारखान्यात आहे” असंच सांगतात. आम्ही रस आंबवायला बाहेरचं यीस्ट घालत नाही. द्राक्षाच्या सालीवर जे काही नैसर्गिक वस्तीला असतं, त्याच्यावरच आमची सगळी भिस्त. म्हणून आम्हाला रासायनिक फवारणी न झालेली द्राक्षं लागतात आणि तशी बाग त्या शिवारात एकच होती, आक्कांची. नवरा सैन्यातून निवृत्त होऊन आला आणि लवकरच गेला, मुलगाही सैन्यात. आक्का शेणखत घालायच्या, गोमूत्र फवारायच्या, अगदीच वेळ आली तर मोरचूद आणि चुना. वेलींखाली गवत मुद्दाम वाढू द्यायच्या. लोक म्हणायचे, म्हातारीनं बागेचं कुरण केलंय. मण्यांवरची पांढरट झाक कुणी बोटाने पुसायला लागलं, तर त्याचा हात धरून बाजूला करायच्या. “पुसू नगा. तेवढी पावडर लावूनच नटलीया ती.”

वाईन त्यांनी कधी चाखली नाही. “माजं काम मांडवापत्तूर,” म्हणायच्या. पण रस काढून झाला की चोथा न्यायला स्वतः ट्रॉलीत बसून यायच्या. “लेकीला म्हायेरी न्यायला आलेय.” तो चोथा शेणात मुरून पुन्हा त्याच वेलींच्या बुडाला जायचा. एकदा आमच्या मालकांनी टाक्या धुतलेलं पाणी ओढ्यात सोडायचं ठरवलं. आक्का ऑफिसात येऊन नुसत्या बसून राहिल्या. चहाला हात लावला नाही. दुपारी मालक वैतागून म्हणाले, “खणा बाबा खड्डा.” तेव्हापासून ते पाणी खड्ड्यात निवळून त्यांच्या जनावरांच्या कडवळाला जाऊ लागलं.

मग ते वाईट वर्ष आलं. ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला आणि वेलींवर डाऊनीची बुरशी चढायला लागली. आक्का दिवसभर रोगट पानं खुडायच्या, पोत्यात भरून बागेबाहेर न्यायच्या. जेवणावरून त्यांचं लक्ष उडालं होतं. शेवटी एक दिवस त्या औंधला यमाईची ओटी भरायला गेल्या. त्यांच्या बांधाला लागूनच त्यांचे धाकटे दीर बापूराव यांची बाग. बापूरावांनी स्वतःच्या बागेत बुरशीनाशक फवारलं आणि दुसरी टाकी भरून ट्रॅक्टर वहिनींच्या बागेतही फिरवला. शेजाऱ्याची मोटर चालू राहिली तर आमच्याकडे कुणी विचारून बंद करत नाही. त्यातलाच हा प्रकार, आणि शुद्ध मायेचा.

दुसऱ्या दिवशी आक्का वायनरीच्या दारात उभ्या. “म्याडम, औंदा माजी द्राक्षं धरू नगा. बागंत औशीद मारलंय.” तो शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला. मला राग आला, आणि लगेच मोहही झाला. काढणीला अजून अवकाश होता. म्हटलं, “आक्का, तोवर तपासणीत काही सापडणारही नाही.”

“कागदावर न्हाई सापडनार. मला सापडलंय न्हवं?”

मी त्यांना गाडीने घरी सोडलं. बापूराव कट्ट्यावर वाट बघत बसले होते. चेहरा खुललेला. “वैनी, वाचली का न्हाई बाग?”

“वाचली, भावजी.”

“मग?”

“मग काय न्हाई. च्या घ्या.”

त्या हसल्यासुद्धा. बापूरावांना काय झालं ते त्या चहातच कळलं असावं, कारण कप अर्धा ठेवून ते उठले. ती द्राक्षं दुसरीकडे गेली. सेंद्रिय बागेच्या नियमाने बाग पुन्हा आमच्या कामाची व्हायला तीन वर्षं लागणार होती. आक्का एवढंच म्हणाल्या, “तवर मी हाय का न्हाई, कुनाला ठावं.” मला ते फार लागलं. पुढच्या हंगामापासून बापूरावांनी बांधालगतच्या स्वतःच्या ओळींवर फवारा सोडायचं बंद केलं. तिथला माल गेला तो त्यांनी जाऊ दिला.

नंतर आक्का आजारी पडल्या, यकृताच्या दुखण्याने. सांगलीहून गोळ्या आणायचे ते बापूरावच. पाण्याचा तांब्या पुढे करून विचारायचे, “वैनी, देऊ का?” एकदा माझ्यासमोर आक्का म्हणाल्या, “भावजी, ह्ये बरं इचारून देताय.” आयुष्यात दिराला त्यांनी दिलेला टोला तो एवढाच. बापूराव बाहेर जाऊन नळाखाली कितीतरी वेळ तोंड धूत राहिले.

तिसऱ्या वर्षाची छाटणी आक्कांनी पाहिली नाही. बागेत आता बापूराव असतात. परवा पुन्हा फुलोऱ्यात ढग भरून आले. मी आणि ते आक्कांच्या बागेत कात्री घेऊन रोगट पानं काढत होतो. रस्त्यावरून कुणीतरी मोटरसायकल थांबवून हाक दिली, “बापू, औशीद मारलं का?”

बापूरावांची कात्री थांबली. “का? कोन आजारी हाय?”

त्या माणसाने गाडी चालू केली. बापूराव तिथेच बांधावर खाली बसले. “हुती ती गेली,” मला म्हणाले. मग उठून त्यांनी पोतं पुढे ओढलं आणि आम्ही पुढची ओळ धरली.