साबणाचा फेस

आमची पहिली कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेतली तेव्हा कारखान्यातल्या शिंदेकाकांनी किल्लीच्या आधी माझ्या हातात साबणाच्या फेसाची वाटी दिली होती. "गॅसच्या नळीला तुम्हीच लावून बघा, ताई. एक जरी बुडबुडा फुगला तर गाडी देणार नाही." तिथली रीतच होती ती.

काल तिथूनच नवी गाडी आणली. मधल्या काळात तो कारखाना एका बड्या कंपनीने विकत घेतलाय. नाव तेच आहे, आतल्या लाकडाची चकाकी उलट वाढलीय. गाडीला हार झाला, आम्हाला पेढे मिळाले. मी मात्र वाटीची वाट बघत होते. शेवटी विचारलंच. काकांनी नव्या साहेबांच्या काचेच्या केबिनकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आता त्याला वेळ देत नाहीत." बोलताना त्यांची बोटं एकमेकांवर घासत होती, फेस काढावा तशी.

ती बोटं डोळ्यांपुढून जात नाहीत. आपल्या वाट्याची भीती तिथे कुणीतरी आधीच भिऊन घ्यायचं, म्हणून आपण निर्धास्त निजायचो. माझ्या रोजच्या औषधाच्या गोळीच्या पाकिटावरही ओळखीचंच नाव आहे. त्या नावामागे आता कोण भितंय?

आज घाटाआधी गाडी थांबवली. मुलं मागे पत्ते खेळतायत. "चहा टाकतेस ना?" नवऱ्याने विचारलं. मी साबण फेटून नळीच्या सांध्याला लावला. एकही बुडबुडा फुगला नाही.

तरी लायटर माझ्या हातात तसाच आहे.