मंडळाच्या ओट्यावरचे रविवार

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, देवासमोर हात जोडूनही नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच धीर होतोय का?

आमच्या खानदेशातल्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. भोपाळला सरकारी कारखान्यात नोकरी लागली, टाउनशिपमध्ये क्वार्टर मिळालं. चोवीस तास पाणी, दारात शाळा, फुकट दवाखाना. त्या सगळ्याचे उपकार मला अजून वाटतात. म्हणून माझी बायको शुभा मला सोडून इंदूरला भावाकडे गेली आणि आमच्या लेकीला, मीनूलाही मागू लागली, तेव्हा मी सगळ्यांना हेच सांगत सुटलो — असली शाळा सोडून पोरीनं तिकडे का जावं? लोकांना पटायचं. पण खरं कारण ते होतं का? नाही. मला हरायचं नव्हतं.

घटस्फोट झाला. मीनू कोणाकडे राहणार, ते ठरायचं होतं. तोवर दर रविवारी तिनं आईला भेटावं, असं कोर्टानं सांगितलं. जागा आम्हीच ठरवली — टाउनशिपमधला मराठी मंडळाचा हॉल. तिथल्या गणपतीत आम्ही दोघांनी नाटकं केली होती.

पहिल्या रविवारी मीनू नवा फ्रॉक घालून स्कूटरवर माझ्या मागे बसली. वळणावरून मला शुभा दिसली. हॉलच्या ओट्यावर बसलेली, मांडीवर डबा. मीनूला माझ्या पाठीमुळे काही दिसलं नाही. आणि मी — मी स्कूटर वळवली. जवळच्या बाग सेवनिया वस्तीत, मित्राच्या घरी.

"आई?"

"नाही आली गं."

तिला तिथे सोडून मी एकटाच हॉलवर गेलो. शुभाला म्हणालो, "ती यायला तयार नाही. रडते." तिनं मग डबा पुढे केला. "मग ओढून आणू नका हो तिला. पुढच्या रविवारी बघू."

ती भांडली असती तर? पण घर सोडून तीच गेली होती. लेक रुसली असेल, हे तिला सहज खरं वाटलं. मला ते ठाऊक होतं. दुखरी जागा कोणती, हे नवऱ्याइतकं कोणाला कळतं?

डब्यात बेसनाचे लाडू होते. मंडळाच्या काकूंनी दिले, असं सांगून मी ते मीनूला दिले. खाता खाता ती म्हणाली, "आईसारखेच आहेत." — हेही मी ऐकलं. तरी थांबलो नाही.

पुढचे सगळे रविवार असेच. हॉलचा चौकीदार एकदा म्हणाला, "क्या साब, गुड़िया को कहाँ छुपा के रखा है? भाभीजी कब से बैठी हैं." मी हसलो. हसू आलं मला!

शेवटी जजसाहेबांनी मीनूला आपल्या खोलीत एकटीला बोलावलं. मी तिला एक शब्दही पढवला नव्हता. गरजच नव्हती. परतताना तिनं स्कूटरवर मागून सांगितलं, "मी म्हटलं, आई तर येतच नाही."

मीनू मला मिळाली. शुभानं येणं बंद केलं — लेकीच्या मनाविरुद्ध नको, म्हणाली.

मागच्या महिन्यात मीनूचं लग्न झालं. त्याआधी, इतक्या वर्षांनी, शुभाचा फोन आला. "मी मागेच उभी राहीन. अक्षता टाकून निघून जाईन. विचाराल का तिला?"

मी विचारलं. मीनू बांगड्या मापून बघत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, जिला माझ्यासाठी एक रविवार जमला नाही, तिचं आता काय काम?"

सांगायची वेळ तीच होती. एवढंसं वाक्य — आई यायची गं, मीच... तोंड उघडलंही होतं. मीनूनं हात पुढे केला. "ही घट्ट होतेय का बघा ना."

मी बघितलं. घट्ट नाही, म्हणालो.

मग शुभाला फोन लावला. "ती नको म्हणतेय."

"बरं," ती म्हणाली. "आग्रह नका करू तिला."

त्या एका वेळी मी तिच्याशी खोटं बोललो नव्हतो.