बनियन कोरडं?

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी बडनेऱ्यातले माझे घरमालक स्वयंपाकघरातल्या टेबलाशेजारी बेशुद्ध सापडले. सापडले ते मलाच. इन्सुलिनचा अठरा युनिटचा डोस त्यांनी त्या सकाळी दोनदा घेतला होता. दोन्ही नोंदी त्यांच्या अक्षरात वहीत होत्या.

नियमाने जगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण ज्याच्या जिवावर नियमच उठला असा माणूस हा एकच. ते रेल्वेत स्टेशन मास्तर होते आणि निवृत्तीनंतरही गल्ली त्यांना मास्तरच म्हणे. भाजी घेऊन परतणाऱ्या बाईला ते ओट्यावरून विचारत, "काहून व, वीस मिनिटं लेट?" आणि कारण ऐकल्याशिवाय तिला पुढे जाऊ देत नसत. शेजारचे एक आजोबा वारले तेव्हा अंत्ययात्रा दहाला निघणार असं ठरलं होतं. नागपूरहून येणाऱ्या जावयासाठी सगळे थांबले. मास्तर घड्याळ बघत फाटकात उभे होते. तिरडी उचलली तेव्हा ते आजोबांच्या मुलाजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "चाळीस मिनिटं. तुमच्या बाबाच्यानं नाई झाला हा लेट, हे ध्यानात ठेवा." मुलगा रडता रडता हसला. ते सांत्वन होतं की शेरा, यावर गल्लीत आजही एकमत नाही.

मी वरच्या मजल्यावर राहतो आणि अमरावतीच्या एका दैनिकात बातम्या तपासतो. मी राहायला आलो त्याच्या आधीच मास्तरांचा उजवा हात पक्षाघाताने गेला होता. डाव्या हाताची बोटं साखरेच्या जुन्या आजाराने आखडली होती. ती पूर्ण मिटत नसत आणि पूर्ण उघडतही नसत. कप धरता येई, कपाचा कान धरता येत नसे. शर्टाला त्यांनी बटणांऐवजी चिकटपट्ट्या शिवून घेतल्या होत्या. इन्सुलिनचं पेन मात्र अशा माणसासाठी बनवलेलं नसतं. त्याला सुई फिरवून बसवावी लागते, डोस लावायला बूड फिरवावं लागतं, टोचल्यावर अंगठ्याने बटण दाबून दहा आकडे मोजून होईपर्यंत दाबूनच धरावं लागतं. मास्तर सुई दातांनी बसवत. बूडही दातांनी फिरवत, आणि प्रत्येक युनिटला होणारी टिक कानाने मोजत. एकदा सुईचं छोटं टोपण सापडेना. ते गिळलं असावं या संशयाने ते तीन तास ताठ बसून राहिले. टोपण मिशीत निघालं.

बटण दाबण्यासाठी त्यांनी गल्लीतल्या सुतारचाचांकडून एक स्टँड करून घेतला. टेबलाच्या कडेला लाकडी पकड, तिच्यात पेन आडवं, आणि मागे कोपराने ढकलायचा एक दांडा. सिग्नलचे दांडे त्यांनी उमेदीच्या काळात ओढले होते, त्यामुळे कल्पना त्यांचीच. चाचा माप घेताना म्हणाले, "मास्टरसाब, सुई लगाने का सामान है, या तोप?" एरवी सुई माणसाकडे येते. इथे मास्तर पोट उघडं करून, बनियन हनुवटीखाली धरून, फलाटाला गाडी लागावी तसे हळूहळू सुईकडे सरकत. डॉक्टरांनी तो स्टँड पाहिला आणि मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला.

समोर राहणाऱ्या सिस्टर रोज दवाखान्यात जाताना विचारत, "काका, मी टोचून देते ना. दोन मिनिटाचं तं काम हाय."

"अन् तुमची बदली झाली तं?"

"मी प्रायव्हेटमंदी हाय काका. आमची बदली नाई होत."

"मंग तं अजूनच भरोसा नाई."

मला त्यांनी खरं कारण एकदाच सांगितलं. "मी घेतो तं मी मास्तर हाय. दुसऱ्यानं देल्लं तं मी पार्सल हाय."

त्यांची एकुलती एक मुलगी अकोल्याला शाळेत शिकवते. आई गेल्यापासून वडिलांनी अकोल्याला यावं म्हणून ती भांडत होती. शेवटी तिने अट घातली: स्वतःचं इंजेक्शन स्वतः नीट घेता येतं तोवर बडनेऱ्यात राहायचं. माझ्यासमोर ती म्हणाली, "एक चूक, बाबा. फक्त एक. त्या दिवशी मी गाडी घेऊन येईन अन् तुमाले उचलून नेईन." मास्तरांनी विचारलं, "किती वाजता?"

ती एक चूक होऊ नये म्हणून त्यांनी मला कामाला लावलं. रेल्वेत दोन स्टेशनांचे मास्तर गाडीचा निरोप पक्का करताना एकमेकांना दोन आकडी नंबर देतात. नंबर ठरलेल्या कागदावरून क्रमाने घ्यायचा, वापरला की खोडायचा, दोन्हीकडे लिहायचा. नंबर नाही तर निरोप नाही. तसाच एक कागद त्यांनी मला माझ्या उशाशी चिकटवायला लावला. सकाळी साडेसातला खालून फोन येई. "अठरा," ते म्हणत. "अठरा," मी म्हणत असे, आणि नंबर देत असे. पाच मिनिटांनी दुसरा फोन येई. मी विचारायचं, "शून्य?" म्हणजे पेनच्या खिडकीत डोस संपून शून्य आलं का. ते म्हणत, "शून्य." मग मी विचारायचं, "बनियन कोरडं?" दांडा दोनदा घसरून इन्सुलिन पोटाऐवजी बनियनवर सांडलं होतं, आणि खिडकीत तरीही शून्यच दिसलं होतं. इन्सुलिनला उग्र वास येतो, पण कोरोनापासून मास्तरांना वासच येत नव्हता. "कोरडं," ते म्हणत. मी दुसरा नंबर देत असे. तो वहीत लिहिला की इंजेक्शन झालं, त्याआधी नाही. मी एकदा जिन्यावरूनच ओरडून नंबर सांगितला, तर ते म्हणाले, "पेपरवाले, तोंडी निरोप मी धरत नाई. फोन करा." हे दोन वर्षं चाललं. वहीत एकही रकाना रिकामा नव्हता.

त्या मंगळवारी मी सात एकतीसला पहिला नंबर दिला आणि पुन्हा झोपलो. फोन उशीखाली सरकला होता. त्यावर नंतर चार कॉल दिसले: सात सदतीस, सात अडतीस, सात बेचाळीस, सात पन्नास. मास्तरांना जिना चढता येत नव्हता. वीज गेली होती, उकडत होतं. वहीत पहिल्या ओळीत वेळ, अठरा, माझा नंबर, आणि पुढचा रकाना रिकामा. शेऱ्यात लिहिलं होतं: "शून्य. बनियन ओलं. उत्तर नाही. पहिलं रद्द." खालच्या ओळीत सात पंचावन्न, अठरा. नाश्त्याचं ताट झाकलेलंच होतं. दुसऱ्या नंबराशिवाय ते खायला बसत नसत.

बनियन घामाने ओलं होतं. वहीत रद्द झालेलं इन्सुलिन पोटात रद्द झालं नव्हतं.

सिस्टरांना मी खिडकीतून हाक मारली. त्यांनी बोटावर सुई टोचून साखर मोजली, एकतीस, आणि हिरड्यांना आतून साखर चोळली. चाचांनी रिक्षा आणली. अमरावतीच्या दवाखान्यात सलाइन लागलं आणि दुपारी मास्तरांनी डोळे उघडले. डॉक्टरांना दाखवायला मी वही नेली होती. मास्तरांनी ती मागून घेतली, छातीवर ठेवली आणि बराच वेळ दोन ओळी वाचल्या.

"झोपले होते का?"

"हो."

"मंग लिहा तसं. कारणाचा रकाना रिकामा सोडत नाईत."

मी लिहिलं: वरचा माणूस झोपला होता. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "बरोबर." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मुलगी संध्याकाळी गाडी घेऊन आली. किती वाजता, हे त्यांनी विचारलं नाही.

अकरा दिवसांनी त्यांचा अकोल्याहून फोन आला. वही घेऊन या, म्हणाले. स्टँड आणू का, असं मी विचारलं. "नको. त्याले आता तिथंच राहू द्या." मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो आणि रात्री तिथेच राहिलो. सकाळी साडेसातला मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून खाटेवर बसले होते. वही मांडीवर होती. पेन मुठीत धरून, ड्यूटी सोपवताना स्टेशनात लिहितात तसं, त्यांनी लिहिलं, "चार्ज दिला," आणि खाली सही केली. त्याला चार मिनिटं लागली. मुलीने विचारलं, "मी काय लिहू, बाबा?"

"चार्ज घेतला. अन् सही. पूर्ण नाव लिही, आद्याक्षरं चालत नाईत."

तिने लिहिलं. डॉक्टरांनी डोस सोळावर आणला होता. तिने सुई बसवली, सोळा वेळा टिक झाली, तिने टोचलं, दहा मोजले. मास्तर भिंतीकडे बघत होते. ती टोपण लावायला लागली तसे ते माझ्याकडे वळले आणि थांबले. माझा कागद मी खिशातून काढला.

"शून्य?"

"मले काय विचारता," मास्तर म्हणाले. "चार्ज तिच्याकडं हाय."

मुलीने पेनच्या खिडकीत पाहिलं. "शून्य."

"बनियन कोरडं?"

तिने वाकून वडिलांच्या बनियनवरून हात फिरवला, एकदा पुढून, एकदा बाजूने.

"कोरडं."

"त्रेपन्न," मी म्हणालो.

"त्रेपन्न," मास्तर म्हणाले. मुलीने नंबर लिहिला. वेळ लिहिली, सात पंचेचाळीस. मी माझ्या कागदावरचा त्रेपन्न खोडला.