राख लावलेलं चिलखत

मंडळी, हात अजून काळेच आहेत, तरी टाइप करून राह्यलो.

उद्या घाटंजीत शिवजयंतीची मिरवणूक, अन् मी मावळा. चिलखत स्टीलच्या पत्र्याचं बनवलं, पण ते इतकं चमके का पोट्टे म्हणत, "काका, परात बांधली का छातीले?" काळा रंग मारला, तं त्याचे पोपडे निघाले.

मग आज पत्रा घासून जवसाचं तेल चोपडलं. तापवलं का तेल जळून काळं बसते, तव्यावर बसते तसं. यंदा बोंडअळीनं कापूस खाल्ला, जाळाले वाळल्या काड्या, पऱ्हाट्या, तेवढ्या उरल्या. त्या आणाले वावरात गेलो.

आलो तं बायकोनं चिलखत चुलीवर चढवलेलं; तापवाचं आहे, एवढंच तिले ठाऊक.

"ओली राख लावली म्या. काळं नाही होणार."

"अवं, काळंच तं कराचं होतं."

चुलीवर भांडं ठेवाच्या आधी लावते तशीच, सवयीनं तिनं घाईत बोटं फिरवली होती. आता काय, तसाच जाळ केला. थंड झाल्यावर पुसलं, अन् पाहतच राह्यलो. सगळं काळंभोर, अन् बोटं फिरली तिथं राखेनं तेल पुसलं गेलेलं, लखलखते तिरपे पट्टे. थेट तलवारीचे वार.

उद्या कोणी विचारलं, हे वार कोणाचे, तं काय सांगू?

बायको म्हणते, माझं नाव सांगा.