उंबऱ्यावरचा पालथा तांब्या

आमच्या रेल्वे क्वार्टरात एक रीत हाय. ड्यूटी करून आलेलं माणूस झोपलं की घरातली बाई उंबऱ्यावर तांब्या पालथा ठेवते. तो दिसला की दूधवाला कडी वाजवत नाही, भाजीवाली ओरडत नाही. मी पेडगावची, शेतकऱ्याची पोर. इथं सून म्हणून आले तर सासूनं स्वयंपाकाच्या आधी हेच शिकवलं. मालकांनी जन्मभर इंजिन चालवलं, मी जन्मभर तांब्या पालथा घातला. आता मालक नाहीत. तांब्या लेकीसाठी ठेवते. लेक असिस्टंट ड्रायव्हर हाय. होय, बाईमाणूस, इंजिनावर! सांगताना अजून लय भारी वाटतं.

रेल्वेत माणसं कमी पडलीत. रिटायर होतात त्यांच्या जागा भरत नाहीत, मग हायेत त्यांनाच पुन्हा पुन्हा बोलावणं. लेक आंघोळ करते न करते तोच फोन. म्हणून यंदा युनियननं ठरवलं, हक्काची रेस्ट पूर्ण झाल्याशिवाय कुणी कॉल घ्यायचा न्हाई. एकानं जरी घेतला तरी बाकीचे उघडे पडणार.

आणि तो एक कॉल घेतला कोणी? मी!

सकाळी लेकीचा फोन वाजला. तिची झोप मोडू नये म्हणून मी उचलला.

"मावशी, मालगाडी उभी हाय, माणूस न्हाई. मॅडमला पाठवता का?"

मालकांच्या वेळची सवय. तोंडातून गेलंच, "पाठवते." वर भाकरी-चटणीचा डबाही भरला.

उठवायला गेले तर लेक ताडकन उठून बसली. "माय, तू हो म्हणलीस? आता न्हाई गेले तर चार्जशीट माझ्या नावानं. गेले तर सगळ्यांची एकी मोडली. अन् असल्या झोपेत सिग्नल कोण बघणार, तू?"

"झोप तू. हो मी म्हणले, निस्तरते बी मीच."

डबा घेऊन तशीच लॉबीत गेले. लॉबी म्हणजे ड्रायव्हर-गार्डांना ड्यूटी लावतात ते हापीस. खिडकीत तोच फोनवाला बाबू, डोळे लालबुंद.

"आल्या का मॅडम?"

"मॅडम झोपल्यात. रेस्ट झाली न्हाई तिची. तुला माझंच हो धरायचं असेल तर मला बसव इंजिनावर."

बाकावरचा म्हातारा गार्ड खो खो हसला. "बसवा साहेब! मावशीच्या धाकानं सिग्नल आपोआप हिरवा होतोय का न्हाई बघा!"

"मावशी, वरून मला विचारतेत ना," बाबू म्हणाला.

"मग खरं ते लिही. आईनं चुकून हो म्हणलं, रेस्ट अपुरी."

मी खिडकीपुढून हललेच नाही. शेवटी त्यानं लिहिलं. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण मालकांच्या वेळापत्रकांवर अक्षरं लावत वाचायला शिकलेय. त्यानं लिहिलेलं दोनदा वाचलं, मगच मान हलवली.

"तुझी ड्यूटी कधी सुटायची?" मी विचारलं.

"सुटायला पाहिजे होती सकाळीच. बदली माणूस आला न्हाई."

डबा त्याच्यापुढं सरकवला. "खा आधी. अन् युनियनच्या मीटिंगला तू बी येत जा."

घरी आले तर तांब्या होता तसाच. आत लेक झोपलेली. तिच्या उशाचा फोन हळूच घेतला आणि बाहेर उंबऱ्यावर तांब्याशेजारी ठाण मांडून बसले. दुपारपर्यंत तो तीनदा वाजला. तिन्ही वेळा मी म्हणलं, "रेस्ट चालू हाय."